एमएएफ कॅलिब्रेट करूनही फ्यूल ट्रिम परत बिघडतात? टेबलला हात लावण्याआधी हे बघा

एमएएफ म्हणजे इंजिनात जाणारी हवा मोजणारा सेन्सर. त्याच्या सिग्नलवरून किती हवा गेली हे ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, सांगणारा तक्ता म्हणजे टेबल. आणि ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू पेट्रोलमध्ये टक्क्यांत जी दुरुस्ती करतो ती फ्यूल ट्रिम: अधिक म्हणजे पेट्रोल वाढवतोय, उणे म्हणजे कमी करतोय. टेबल नीट बसवलं, ट्रिम दोन-तीन टक्क्यांत आले, गाडी काही दिवस झकास चालली आणि मग पुन्हा जैसे थे. ट्यून केलेल्या पेट्रोल गाड्यांमध्ये सगळ्यात जास्त वेळा परत येणारी तक्रार हीच. यात दोष टेबलात क्वचितच असतो. सेन्सरच्या पुढे-मागे कुठेतरी काहीतरी सुटलेलं असतं आणि टेबलचे आकडे बदलून ते तेवढ्यापुरतं झाकलेलं असतं. भोक मोठं झालं की झाकण पुरत नाही.

लक्षणं

यातली दोन-तीन एकत्र दिसली तर पुढचं वाचा:

- गाडी गरम झाल्यावर आयडलला हंटिंग करते, आरपीएम वर-खाली होत राहतो. थ्रॉटल सोडून थांबताना कधी कधी बंद पडते.
- हलक्या पायाने चालवली तर छान, पण जोर लावला की ओढत नाही. पिकअप मेला असं वाटतं.
- ॲव्हरेज पडलं, प्लग काळे निघाले, सायलेन्सरला पेट्रोलचा वास येतो.
- स्कॅनरवर पी ०१७१ किंवा पी ०१७४ (मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी), पी ०१७२ किंवा पी ०१७५ (मिश्रण गडद, म्हणजे पेट्रोल जास्त), किंवा थेट एमएएफचे पी ०१०१, पी ०१०२, पी ०१०३ हे कोड येतात.
- लाँग टर्म ट्रिम (ईसीयूने शिकून साठवलेला) दहा टक्क्यांच्या पलीकडे जाऊन बसतो. बॅटरी काढून लावली की शून्यावर येतो आणि चालवत गेलं की पुन्हा तिथेच जातो.
- चढावर किंवा वरच्या गिअरमध्ये जोर दिल्यावर इंजिनातून खडखड ऐकू येते.

शेवटचं लक्षण बाकीच्यांसारखं नाही. ते असेल तर गाडी जोरात चालवणं आजच थांबवा. कारण पुढे येईलच.

आधी फक्त वाचायचं, काही उघडायचं नाही

साधा ओबीडी स्कॅनर पुरतो. इंजिन पूर्ण गरम, एसी बंद. शॉर्ट टर्म (क्षणोक्षणी बदलणारा) आणि लाँग टर्म ट्रिमची बेरीज तीन वेळा लिहून घ्या: आयडलला, जागेवर २५०० आरपीएम धरून, आणि रस्त्यावर एकसारख्या मध्यम जोरावर. बेरीजच महत्त्वाची. लाँग टर्म +८ आणि शॉर्ट टर्म −७ असेल तर इंजिनाची आत्ताची तक्रार फक्त एका टक्क्याची आहे. एकटा लाँग टर्म बघून घाबरणारे बरेच असतात.

या तीन आकड्यांवरून अर्धं निदान होतं.

आयडलला ट्रिम बराच अधिक आणि २५०० ला जवळपास नॉर्मल: सेन्सरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला, कुठेतरी न मोजलेली हवा आत शिरते आहे. भोकातून येणारी हवा साधारण तेवढीच राहते, पण एकूण हवेतला तिचा वाटा आयडलला मोठा असतो आणि २५०० ला किरकोळ होतो.

आयडलला ठीक किंवा थोडा उणे, पण जोर वाढेल तसा अधिककडे सरकणारा: सेन्सर घाण झाला आहे, किंवा पेट्रोल पुरत नाही.

सगळीकडे सारख्याच टक्क्याने सरकलेला: इंजेक्टरचा फ्लो चुकीचा भरला आहे, फ्यूल प्रेशर बदललं आहे, सेन्सरची नळी बदलली आहे, किंवा पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण बदललं आहे. हे शेवटचं फार जण विसरतात. शुद्ध पेट्रोलला हवा आणि इंधनाचं प्रमाण १४.७, दहा टक्के इथेनॉल असेल तर साधारण १४.१, वीस टक्क्यांना साधारण १३.५. ईसीयूमध्ये १४.७ भरलेलं असेल आणि टाकीत वीस टक्केवालं पेट्रोल असेल, तर आठ-नऊ टक्के अधिक ट्रिम दिसणारच. एमएएफचा त्यात काडीचा संबंध नाही.

फक्त आयडललाच उणे: पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) उघडा राहिलाय, किंवा इंजेक्टरचा डेड टाइम (उघडायला लागणारा वेळ) चुकलाय, किंवा रेसिंग कॅम बसवल्याने हवा उलटी धक्के मारते आहे. साध्या हॉट वायरला (तापलेल्या तारेच्या एमएएफला) दिशा कळत नाही. मागे येणारी हवाही ती पुढे जाणारी म्हणूनच मोजते.

आता खुद्द एमएएफचा आकडा. ढोबळ नियम असा की गरम इंजिन, आयडल, कसलाही लोड नाही, अशा वेळी प्रत्येक लिटरमागे साधारण १ ग्रॅम प्रति सेकंद. दोन लिटरच्या इंजिनला २ ते ३ दिसलं तर शंका घ्यायचं कारण नाही. पूर्ण थ्रॉटलचा आकडा कागदावर काढता येतो. दोन लिटरचं फोर स्ट्रोक इंजिन ६००० आरपीएमला मिनिटाला ३००० वेळा पूर्ण भरतं, म्हणजे ६००० लिटर, म्हणजे सेकंदाला १०० लिटर. एक लिटर हवा साधारण १.२ ग्रॅम. म्हणजे १२० ग्रॅम, आणि नॅचरली ॲस्पिरेटेड साधं इंजिन ८५ टक्के भरतं असं धरलं तर १०० च्या आसपास. स्कॅनर ७५ दाखवत असेल तर काहीतरी अडलंय किंवा सेन्सर खोटं सांगतोय. उंचावर राहणाऱ्यांनी दर हजार मीटरला नऊ-दहा टक्के वजा करावेत. आणखी एक ताळा म्हणजे ग्रॅम प्रति सेकंदाला १.२५ ने गुणलं की अंदाजे हॉर्सपॉवर येते. १०० ग्रॅमला १२५. कंपनीने १४० लिहिलंय आणि हिशोब ९० चा येतोय, तर त्या सेन्सरवर टेबल बसवण्यात अर्थ नाही.

एकक तपासा. काही सॉफ्टवेअर किलो प्रति तासात दाखवतात, काही ग्रॅम प्रति सेकंदात. १ ग्रॅम प्रति सेकंद म्हणजे ३.६ किलो प्रति तास. ही गल्लत वाटते तितकी दुर्मिळ नाही.

फिल्टर आणि त्याचा डबा

बॉनेट उघडून दोन मिनिटांचं काम. फिल्टर नीट बसलाय का, डब्याच्या सगळ्या क्लिपा लागल्यात का, झाकण एका कोपऱ्यात उचललेलं तर नाही ना. सेन्सर नळीतली सगळी हवा मोजत नाही. मधल्या छोट्या वाटेने जाणारी थोडीशी हवा तो मोजतो आणि त्यावरून बाकीची धरून चालतो. डब्यातून येणारा प्रवाह वाकडा झाला की हे धरून चालणंच चुकतं. त्यामुळे नुसता वेगळ्या घडणीचा फिल्टर घातला तरी ट्रिम काही टक्के हलू शकतात. कॅलिब्रेशन ज्या फिल्टरवर केलं, तोच फिल्टर पुढेही वापरा.

तेल लावायचे धुता येणारे फिल्टर वापरणाऱ्यांनी एवढंच बघावं: सेन्सरच्या आधीच्या नळीत बोट फिरवून ते तेलकट होतंय का. होत असेल तर दोषी सापडला. तेल जास्त लागलंय, ते तारेवर बसतंय आणि त्यावर धूळ चिकटतेय.

नळ्या, रबर आणि क्लॅम्प

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण इथेच सगळ्यात जास्त वेळा सापडतं.

सेन्सर ते थ्रॉटल बॉडी या वाटेत घड्या घड्यांची रबरी नळी असते. तिच्या चिरा घडीच्या तळाशी, आणि बहुतेक वेळा खालच्या बाजूला पडतात. वरून बघून नळी नवी कोरी दिसते. क्लॅम्प सैल करून ती हातात घ्या आणि दोन्ही हातांनी ताणून, पिळून प्रत्येक घडी उघडून बघा. जागेवर असताना ही चीर बंद असते. गिअर टाकून जोर दिला की इंजिन माउंटवर वळतं, नळी ताणली जाते आणि तेव्हाच ती उघडते. म्हणून स्टँडवर सगळं ठीक आणि रस्त्यावर बोंब. ट्रिम कधी येतो, कधी जातो, आणि लोक सेन्सर बदलत बसतात.

मग बारीक नळ्या. क्रँककेस ब्रीदरची नळी, ब्रेक बूस्टरची नळी, तिचा वन-वे व्हॉल्व्ह, इनटेक मॅनिफोल्डचं गास्केट, इंजेक्टरच्या खालच्या ओ-रिंग. बऱ्याच गाड्यांत ऑइलचं झाकण किंवा डिपस्टिक नीट बसली नाही तरी क्रँककेसमधून न मोजलेली हवा आत जाते. आयडलवर झाकण सैल करून बघा. काहीच फरक पडला नाही तर हवा आधीच दुसरीकडून येत असण्याची शक्यता आहे.

टर्बोच्या गाडीत एकच भोक दोन उलट लक्षणं दाखवतं. टर्बो आणि थ्रॉटल यांच्यातला पाइप फाटला असेल तर बूस्टवर मोजलेली हवा बाहेर पळते, पण ईसीयू तिच्या हिशोबाने पेट्रोल टाकतच राहतो आणि मिश्रण गडद होतं. तीच गळती मॅनिफोल्डला असेल तर आयडलला पातळ आणि बूस्टवर गडद. असा लॉग दिसला की टेबल उघडूही नका. बाहेर फुंकणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवला असेल तर तीच गत. थ्रॉटल सोडल्यावर मोजलेली हवा वाऱ्यावर जाते, इंजिन क्षणभर गडद होऊन गुदमरतं. कॅलिब्रेशनने हे सुटत नाही. व्हॉल्व्हची हवा सेन्सरच्या पुढे, टर्बोच्या तोंडाशी परत सोडावी लागते.

नजरेने सापडलं नाही तर स्मोक टेस्ट. गॅरेजमध्ये हे मशीन असतं आणि पाच-दहा मिनिटांत धूर जागा दाखवतो. गरम इंजिनवर पेटणारे स्प्रे मारून गळती शोधायची पद्धत सर्रास चालते. चालू गाडीवर, गरम मॅनिफोल्डजवळ मी ती करत नाही आणि तुम्हीही करू नका.

सेन्सर साफ करणं

नळीत एक बारीक तार किंवा पातळ फिल्म हवेपेक्षा ठरावीक फरकाने गरम ठेवलेली असते. हवा जास्त गेली की ती जास्त गार पडते, तेवढंच तापमान टिकवायला जास्त करंट लागतो, आणि तो करंट म्हणजेच मोजमाप. तारेवर धूळ-तेलाचा थर बसला की हे उष्णता देणं-घेणं बिघडतं. नेहमी दिसणारा नमुना असा की आयडलला थोडं जास्त मोजतो आणि जोरावर कमी. म्हणून घाण सेन्सरवर कॅलिब्रेट केलेलं टेबल वाकडं होतं, आणि पुढे कधीतरी कोणी सेन्सर साफ केला की सगळं उलटं पडतं.

एमएएफसाठीचाच क्लीनर घ्या. ब्रेक क्लीनर आणि कार्ब्युरेटर क्लीनर प्लास्टिक आणि वरचा थर खाऊ शकतात. इग्निशन बंद करून सेन्सर गार होऊ द्या, काढा, थोडं अंतर ठेवून फवारा. तारेला बोट नको, कापूस नको, ब्रश नको, कंप्रेसरची हवा तर मुळीच नको. ती तार केसासारखी असते. पूर्ण वाळल्याशिवाय कनेक्टर लावायचा नाही. पंधरा मिनिटं थांबलात तर बिघडत नाही. सेन्सरवरचा बाण इंजिनाच्या दिशेला आहे ना, तेही बघून घ्या.

साफ केल्यावर जुनं शिकलेलं पुसा आणि थोडं चालवून ट्रिम परत लिहा. आकडे बदलले तर आधीचं कॅलिब्रेशन घाणीवर केलेलं होतं.

वीज

आता मल्टिमीटर लागेल. कनेक्टर आधी नुसता बघा: पिना हिरव्या पडल्यात का, एखादी मागे सरकलीय का, जवळ कोणी वायर कापून जोड दिलाय का. मग इंजिन चालू असताना सेन्सरच्या सप्लाय पिनवर बॅटरीइतकं व्होल्टेज मिळतंय का आणि ग्राउंड पिन ते बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये किती व्होल्ट पडतात ते मोजा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर ग्राउंड दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नका. मला ०.०५ च्या आत असलेलं आवडतं.

हा किडेपणा वाटेल, पण त्याला कारण आहे. तापलेल्या तारेतून वाहत्या हवेत किती उष्णता जाते याचा नियम एल. व्ही. किंग यांनी १९१४ साली मांडला. ढोबळमानाने त्यातून असं निघतं की व्होल्टेजचा वर्ग हवेच्या वेगाच्या वर्गमुळाबरोबर वाढतो. उलटं वाचलं तर हवा व्होल्टेजच्या जवळपास चौथ्या घाताने वाढते. म्हणजे व्होल्टेजमध्ये एक टक्का चूक झाली की हवेच्या आकड्यात साधारण चार टक्के चूक होते. ४ व्होल्टवर एक टक्का म्हणजे फक्त ०.०४ व्होल्ट. गंजलेल्या ग्राउंडमुळे सिग्नल एवढा सरकला तर पूर्ण जोरावर चार टक्के पेट्रोल इकडचं तिकडे. पावसात ट्रिम वेगळे, कडक उन्हात वेगळे, असं असेल तर मी आधी ग्राउंडच बघतो.

आणखी एक चाचणी फुकट आहे. सिग्नल पिनवर मीटरने मोजलेलं व्होल्टेज आणि त्याच क्षणी ईसीयूच्या लॉगमध्ये दिसणारं व्होल्टेज सारखं आहे का? नसेल तर मधल्या वायरिंगमध्ये फरक पडतोय. इग्निशन चालू, इंजिन बंद, हवा अजिबात नाही, अशा वेळी येणारं व्होल्टेज मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवा. बॉशच्या बऱ्याच हॉट फिल्म सेन्सरमध्ये ते १ व्होल्टच्या आसपास असतं. ते शून्याचं व्होल्टेजच सरकलं असेल तर सेन्सर बदलायचा, टेबल नाही. फ्रीक्वेन्सी देणाऱ्या सेन्सरला हे आकडे लागू नाहीत. तिथे हर्ट्झ मोजणारा मीटर लागेल.

सेन्सर बदलायची वेळ आली तर अस्सल घ्या. हुबेहूब दिसणारे नकली सेन्सर बाजारात भरपूर आहेत आणि त्यांचा कर्व्ह मूळ टेबलशी जुळत नाही. आतला इलेक्ट्रॉनिक भाग एका नळीतून काढून दुसऱ्या नळीत घालणंही टाळा. बऱ्याच सेन्सरमध्ये तो आपल्याच नळीसोबत कॅलिब्रेट केलेला असतो.

एक्झॉस्ट, ऑक्सिजन सेन्सर आणि पेट्रोल

कॅलिब्रेशन शेवटी ऑक्सिजन सेन्सरच्या साक्षीवर चालतं. साक्षीदारच खोटा असेल तर निकाल काय लागणार? सेन्सरच्या आधी एक्झॉस्टमध्ये गळती असेल तर धक्क्यांमधल्या पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मिश्रण पातळ वाटतं. एखादा सिलिंडर मिसिंग मारत असेल तरी तसंच होतं. न जळलेल्या पेट्रोलसोबत न वापरलेला ऑक्सिजनही बाहेर येतो, आणि सेन्सर फक्त ऑक्सिजन बघतो. थंड इंजिनवर मॅनिफोल्डपाशी टिक-टिक आवाज आणि काळे ओघळ शोधा.

पेट्रोलच्या बाजूला दोनच गोष्टी, पण दोन्ही एमएएफच्या दोषाचं हुबेहूब सोंग घेतात. पहिली प्रेशर. इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल प्रेशरच्या वर्गमुळाने बदलतं. ३ बारचं २.७ झालं की साधारण पाच टक्के पेट्रोल कमी. पंप थकला असेल तर प्रेशर आयडलला बरोबर आणि जोरावर पडतं, आणि लॉग घाण सेन्सरसारखाच दिसतो. म्हणून गेज लावून जोरावर बघायचं, जागेवर नाही.

दुसरी गोष्ट डेड टाइम. इंजेक्टरला वीज मिळाल्यापासून तो खरोखर उघडेपर्यंतचा वेळ. समजा आयडलला इंजेक्टर २.५ मिलिसेकंद चालू आहे आणि त्यातला १ मिलिसेकंद उघडण्यातच जातो. खरं पेट्रोल दीड मिलिसेकंदाचं. डेड टाइम ०.१५ ने चुकीचा भरला तर आयडलला दहा टक्के फरक पडेल. पूर्ण जोरावर पल्स १५ मिलिसेकंदांची असते, तिथे तीच चूक जेमतेम एक टक्का. लॉगवर हे 'एमएएफ खालच्या बाजूला चुकतोय' असंच दिसतं. मोठे इंजेक्टर घातलेल्या गाड्यांमध्ये मला हा प्रकार इतक्या वेळा दिसलाय की इंजेक्टरचा डेटा बघितल्याशिवाय मी टेबलकडे जातच नाही. तो डेटा बॅटरीच्या व्होल्टेजप्रमाणे बदलतो, त्यामुळे १४ व्होल्टचा एकच आकडा भरून भागत नाही.

टेबलमध्ये दुसऱ्याची चूक का भरायची नाही

कोणी म्हणेल, मिश्रण बरोबर आलं ना, मग एमएएफच्या आकड्याने आलं की इंजेक्टरच्या, काय फरक पडतो? फरक पडतो. बहुतेक एमएएफवाल्या ईसीयूमध्ये हाच हवेचा आकडा आरपीएमने भागून लोड काढला जातो, आणि त्या लोडवरून इग्निशन टायमिंग ठरतं. इंजेक्टर मोठे घातले आणि त्यांचा फ्लो बदलण्याऐवजी एमएएफचं टेबल खाली ओढलं, तर मिश्रण जुळेल, पण ईसीयूला वाटेल की इंजिनावर लोड कमी आहे. कमी लोडला तो स्पार्क जास्त ॲडव्हान्स, म्हणजे लवकर, देतो. लोड खरं तर पूर्ण आहे. मग ती खडखड, म्हणजे नॉकिंग, आणि पुढे पिस्टन. ऑटोमॅटिक गाडीत गिअर बदलण्याचं प्रेशरही याच आकड्यावर चालत असेल तर गिअरबॉक्सही त्यात ओढला जातो.

एमएएफच्या टेबलने फक्त हवेचं खरं सांगायचं. पेट्रोलची चूक पेट्रोलच्या टेबलात.

आता कॅलिब्रेशन

इथपर्यंत सगळं ठीक निघालं आणि तरीही ट्रिम सरकलेले आहेत, किंवा तुम्ही नळी, इनटेक, फिल्टर बदलले आहेत, तरच हे करायचं.

नळी मोठी केली असेल तर सुरुवातीचा अंदाज क्षेत्रफळावरून. ७० मिमीची ८० मिमी केली तर ८० चा वर्ग भागिले ७० चा वर्ग, म्हणजे १.३१. सगळं टेबल १.३१ ने गुणून सुरुवात करा. हे अंतिम नाही, कारण नळीतला प्रवाह बदललेला असतो, पण इंजिन सुरू होऊन नीट चालण्याइतकं जवळ येतं. सेन्सर वळणाच्या लगेच पुढे बसवू नका. आधी व्यासाच्या चार-सहा पट सरळ नळी मिळाली तर उत्तम. मूळ सेन्सरमध्ये जाळी असेल तर 'हवा अडते' म्हणून ती काढू नका. प्रवाह सरळ करायलाच ती आहे.

बंद लूपचा भाग (जिथे ईसीयू ऑक्सिजन सेन्सर बघून पेट्रोल सुधारतो), म्हणजे हलका आणि मध्यम थ्रॉटल: मूळ फाइल आधी जपून ठेवा. इंजिन पूर्ण गरम. जमत असेल तर पर्ज बंद. एमएएफ व्होल्टेज, आरपीएम, दोन्ही ट्रिम, थ्रॉटल आणि इनटेक तापमान लॉग करा. मग लॉगमधून थ्रॉटल हलत असलेले आणि फ्यूल कट (पाय काढल्यावर पेट्रोल बंद होणं) चालू असलेले सगळे तुकडे काढून टाका. एक्झॉस्टमधली बातमी सेन्सरपर्यंत थोडी उशिरा पोचते, त्यामुळे पाय हलत असताना आत्ताच्या हवेला मघाचा ट्रिम चिकटतो. उरलेल्या स्थिर नोंदी व्होल्टेजच्या खान्यांत वाटा आणि प्रत्येक खान्याची सरासरी काढा. २.१ व्होल्टच्या खान्यात बेरीज +८ आली आणि टेबलमध्ये १४ ग्रॅम आहे, तर १४ गुणिले १.०८, म्हणजे १५.१.

पूर्ण दुरुस्ती एकदम घालत नाही मी. अर्धी-पाऊण घालायची, पुन्हा लॉग. ज्या खान्यात मोजक्याच नोंदी आहेत त्याला हात नाही. मग कर्व्ह डोळ्यांनी बघा. तो गुळगुळीत आणि सतत चढताच हवा. मध्येच खळगा किंवा उंचवटा आला तर तो सेन्सरचा नाही, तुमच्या लॉगमधला कचरा आहे. जिथपर्यंत लॉग पोचला नाही तिथे पायरी सोडू नका. शेजारच्या खान्याचीच टक्केवारी पुढे न्या.

पूर्ण थ्रॉटलला ट्रिम कामाचे नसतात, तिथे वाइडबँड (मिश्रणाचा नेमका आकडा देणारा ऑक्सिजन सेन्सर) लागतो. मागितलेला लॅम्डा (मिश्रणाचा आकडा: १ म्हणजे नेमकं, त्याखाली गडद, वर पातळ) ०.८६ आणि मिळालेला ०.९० असेल तर ०.९० भागिले ०.८६, म्हणजे साधारण ४.७ टक्के वाढवायचं. व्होल्टेज ५ च्या जवळ जाऊन सपाट झालं तर सेन्सरची मर्यादा संपली. त्यापुढची हवा त्याला दिसत नाही आणि कितीही आकडे भरले तरी उपयोग नाही. मोठा सेन्सर लागेल.

डिझेलवाल्यांसाठी एकच ओळ: तिथे एमएएफ मुख्यतः ईजीआर (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारी व्यवस्था) आणि धूर मर्यादेसाठी असतो, त्यामुळे ट्रिमवरचं हे गणित तिथे चालत नाही. साफसफाई, गळती आणि वायरिंगचे भाग मात्र तसेच लागू.

इथे थांबा आणि जाणकाराकडे न्या

- जोरावर खडखड ऐकू येते किंवा लॉगमध्ये नॉक रिटार्ड (नॉकिंग ओळखून ईसीयूने मागे घेतलेलं टायमिंग) दिसतो. त्याच क्षणी पाय काढा. पुढचा लॉग घ्यायला म्हणूनही पुन्हा जोर देऊ नका.
- पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा मागितल्यापेक्षा पातळ जातोय आणि सोबत फ्यूल प्रेशर पडतंय. आधी पंप, बाकी नंतर.
- डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलची लाइन उघडायची वेळ आली आहे. त्या रेलमध्ये प्रेशर १०० बारच्या वर जातं. घरी हात लावायची ती जागा नाही.
- ईसीयूच्या पिना जळाल्यात, किंवा सेन्सरची ५ व्होल्टची लाइन पडल्यामुळे इतर सेन्सरचेही कोड येऊ लागलेत.
- पूर्ण थ्रॉटलचं कॅलिब्रेशन करायचंय आणि डायनो (गाडी जागेवरच लोडखाली चालवायचं मशीन) नाही. मांडीवर लॅपटॉप घेऊन रस्त्यावर हे करू नका. डायनोवर लोड धरून ठेवता येतो, रस्त्यावर नाही.
- सगळं तपासून दोनदा टेबल बसवलं आणि तरी तोच खाना पुन्हा सरकतोय. तिसऱ्यांदा टेबल बदलू नका.

ट्यूनरकडे जाताना नुसती गाडी नेऊ नका. मूळ फाइल, आत्ताची फाइल, तीन ठिकाणचे ट्रिम, इंजेक्टरचा नेमका पार्ट नंबर आणि इनटेकमध्ये काय काय बदललंय त्याची यादी सोबत द्या. मूळ फाइल हरवली असेल तर ते सुरुवातीलाच सांगा, म्हणजे तो जुन्या आकड्यांवर थर चढवत न बसता कंपनीच्या टेबलपासून काम सुरू करेल.